हवालदार म्हसे यांचा पंचनामा

पंचनाम्याची कल्पना शालनच्या डोक्यात आली ती शेजारच्या तुळशीचं सामान टेम्पोत चढत असताना. कपाट गेलं, शिलाई मशीन गेलं, आणि मग तुळशी जिन्याच्या पायरीवर बसली ती उठेचना. तिचा नवरा महिपती गणपतीच्या बंदोबस्तावरून घरी आला होता, पाणी मागितलं होतं, आणि पाणी येईपर्यंत गेला होता. त्याला पाच महिने झाले. भरती होताना, लग्नाआधी, त्याने वारसाच्या फॉर्मात आईचं नाव लिहिलं होतं आणि पुन्हा त्या फॉर्माकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती म्हातारी जाऊन दहा वर्षं झाली होती. आता तुळशी वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती, आणि अंबरनाथच्या पोलीस लाइनीतली खोली सोडायची मुदत काही तिच्यासाठी थांबली नाही.

त्या संध्याकाळी शालनने नवऱ्याला जेवता जेवता विचारलं, तुमच्या फॉर्मात कुणाचं नाव आहे? हवालदार सुदाम म्हसे यांनी भाताचा घास गिळला आणि म्हणाले, "दादाचं. का?"

का म्हणे! लग्नाला वीस वर्षं झाली, पोरगी बारावीला बसली, आणि हे गृहस्थ कागदोपत्री अजून वांगणीच्या थोरल्या भावाचे. शालनने भांडायला तोंड उघडलं होतं, पण सासूबाई समोर होत्या, म्हणून तिने वाटीत आमटी वाढली.

खरा दणका दोन दिवसांनी बसला. परेडचे जुने बूट उन्हात टाकावेत म्हणून तिने ट्रंक उपसली, तर डाव्या बुटात एक कागद आणि उजव्या बुटात गोळ्यांचं पाकीट. कागद इंग्रजीत, तो लेकीने, कुंदाने वाचला. उल्हासनगरच्या कुठल्याशा दवाखान्याचा होता, रक्तात साखर भरपूर असल्याचा, आणि वर तारीख मागच्या मार्चची. म्हणजे अकरा महिने हा माणूस दोन्ही बुटांत आपला आजार घालून फिरत होता. जानेवारीत एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर संपाच्या बंदोबस्तात चक्कर येऊन पडला, तेव्हा घरी सांगितलं की ऊन लागलं. जानेवारीत ऊन!

शालन भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ रडली. मग तोंड धुतलं आणि विचार करू लागली.

सरळ विचारण्यात अर्थ नव्हता. बावीस वर्षं दुसऱ्यांना उलटसुलट प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या माणसाला घरातली बाई काय विचारणार? तिने एक विचारलं की तो तीन विचारी, आणि शेवटी चूक तिचीच निघे. रागावून पाहिलं तर तो टोपी घालून ड्युटीवर. रडून पाहिलं तर सासूबाई म्हणत, माझ्या लेकाला घरात सुख नाही म्हणून तो वाळतो. बढतीची यादी निघायची होती, सहायक फौजदार व्हायची वेळ आली होती, आणि आजाराचा कागद साहेबांच्या टेबलावर गेला की यादीतून नाव उडतं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याला खोटं बोलायला फार आवडत होतं असं नाही. पण बोलत होता.

तेव्हा साक्षीदार हवे होते आणि लेखी हवं होतं. पोलिसाला पोलिसाच्याच रीतीने धरायचं तिने ठरवलं.

तिने वांगणीला निरोप धाडला की सुदामला बढती मिळतेय, रविवारी जेवायला या. आणि सुदामला सांगितलं की मोठे भाऊजी आपण होऊनच येताहेत, त्यांना म्हणे तुमची आठवण आली. दोन्ही बाजूंनी खोटं बोलताना तिला जराही वाईट वाटलं नाही, उलट जरा मजाच वाटली. शनिवारी तिने कुंदाला बसवून पंचनाम्याचा मसुदा लिहून घेतला. कुंदाने बापाचे कागद लहानपणापासून पाहिले होते. तिने स्थळ, वेळ, पंचांची नावं, सगळं झोकात लिहिलं. शालनने वाचलं आणि म्हणाली, "इतकं चांगलं नको. फाड हे. शाळेतल्या पोरीच्या निबंधासारखं लिही, आणि वेळ, वय, ठिकाण काही टाकू नकोस." कुंदाला कळेना की आईला झालंय काय. पण तिने फाडलं.

रविवारी बाळाजी म्हसे आणि वेणूबाई सकाळच्याच गाडीने आले, तांदळाचं पीठ आणि वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. बाळाजी सुदामपेक्षा सात वर्षांनी मोठा, शेतात राबून वाळलेला, बोलायला कमी. बाप लहानपणी गेल्यावर त्यानेच सुदामला वाढवलेलं. भरतीच्या धावण्यासाठी पहाटे वांगणीच्या रुळांच्या कडेने तोच सुदामबरोबर अनवाणी पळायचा, कारण चपला एकच जोड होत्या आणि त्या सुदामच्या पायांत असत. नोकरी लागली त्या दिवशी सुदामने गावात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, माझं काही झालं तर जे असेल ते दादाचं. वेणूबाई ती गोष्ट गेली बावीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगत आल्या होत्या. शालनला म्हणूनच सगळ्यात जास्त धास्ती जावेची होती.

जेवणं झाली. मटण सुदामने दोनदा वाढून घेतलं. मग तो भिंतीला टेकून बसला आणि आईकडे एक नजर टाकली. विठाबाईंनी पदराआडून काहीतरी त्याच्या हातात सरकवलं, आणि हवालदारांचं तोंड हलू लागलं. शालनने हे पाहिलं आणि तिला बरंच वाटलं. चोरी ऐन वेळी, पंचांच्या समक्ष झाली होती.

ती मधोमध येऊन बसली आणि म्हणाली की बढतीचं खोटं होतं, मी तुम्हाला दुसऱ्याच कामाला बोलावलंय. आणि तिने एकेक वस्तू सतरंजीवर मांडली. दवाखान्याचा कागद. गोळ्यांचं पाकीट. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या सिंधी हलवायाचा पुठ्ठ्याचा खोका, अर्धा रिकामा, जो तिला पाण्याच्या पिंपामागे सापडला होता.

सुदामने तोंडातलं गिळलं. मग तो हसला, हवालदार हसतात तसा, पोट हलवून. "काय लावलंय हे? दादा, हिला तुळशीच्या भानगडीपासून झोप नाही."

बाळाजीने कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो बराच वेळ पाहत राहिला. मग कुंदाकडे दिला. कुंदाने वाचून सांगितलं, आणि हेही सांगितलं की कॉलेजात मॅडम शिकवतात, या आजारात माणसाला वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एकदम होतं, डोळे जातात नाहीतर काळीज.

पहिली आघाडी विठाबाईंनी उघडली. साखर शहरातल्या डॉक्टरांनी काढलेली आहे, म्हणाल्या, आमच्या वेळी नव्हती. शिवाय लेक दिवसभर उन्हात उभा राहतो, त्याला गोडाचा घास लागतोच. वेणूबाईंनी लगेच री ओढली. पण त्यांना वेगळंच टोचत होतं. त्यांनी विचारलं, हे सगळं दाखवायला आम्हाला गावावरून का बोलावलं, फॉर्मातल्या नावासाठी तर नाही ना? शालन पहिल्या फटक्यातच पकडली गेली. ती म्हणाली, त्यासाठीही. वेणूबाईंनी तोंड फिरवलं. म्हणजे दोन बायका तिकडे, आणि नवरा तर तिकडेच. इकडे शालन आणि एक कॉलेजची पोरगी.

तेव्हा शालनने पुढचा डाव टाकला. ती म्हणाली, राहू द्या, भांडायचं नाही, फक्त या वस्तू सापडल्या एवढा पंचनामा करायचा आहे. दोन पंच लागतात. एक मोठे भाऊजी अंगठ्याने. दुसऱ्या पंचाला सही यायला हवी.

वेणूबाई हळूच वळल्या. वांगणीला दोन वर्षं प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालला होता, आणि त्यात त्यांनी सही शिकली होती. 'वेणूबाई बाळाजी म्हसे', तिन्ही शब्द, वरच्या रेघेसकट. पण शिकल्यापासून ती सही करायला आयुष्यात एकही कागद आला नव्हता. रेशनच्या दुकानात अंगठा, पंचायतीत बाळाजीचा अंगठा. पंच म्हणजे सरकारी काम, हे त्यांना दिराच्या तोंडून ऐकून ठाऊक होतं.

"माझी सही चालंल?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच पाहिजे, जाऊबाई."

"मग लिवा."

सुदामने कपाळाला हात लावला. साक्षीदार असे फुटताना त्याने कोर्टात पाहिले होते. पण ते पैसे घेऊन फुटत, त्याच्या वहिनी सहीसाठी फुटल्या.

कुंदाने दुसरा मसुदा काढून वाचायला सुरुवात केली. "आमच्या घरी आज पंचनामा झाला. बाबांच्या बुटात कागद मिळाला. गोळ्यापण मिळाल्या. खूप मिठाई होती. बाबा ऐकत नाहीत."

सुदाम आधी खूश झाला. असल्या कागदाची त्याला भीती नव्हती. मग कुंदा वाचत गेली तसा त्याचा चेहरा बदलत गेला. शालन पाहत होती. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. ठाण्यातली नवी पोरं पंचनामे लिहीत आणि हा ते घरी आणून, चष्मा नाकावर घेऊन, ओळीओळीला सुस्कारे टाकत पुन्हा लिहून काढी. भाताची पातेली थंड होत, पण चुकीचा पंचनामा त्याच्याच्याने बघवत नसे. खोट्याचा त्याला एवढा राग नव्हता जेवढा अर्धवट लिहिण्याचा होता.

"वेळ कुठाय?" तो अखेर म्हणाला. "पंचांची वयं कुठायत? 'खूप मिठाई' म्हणजे किती? असला पंचनामा कोर्टात दोन मिनिटं टिकत नाही. बचावाचा वकील फाडून खाईल."

शालन म्हणाली, आम्हा अडाण्यांना काय कळतं, तुम्ही सांगाल तसं लिहू. त्याने सांगायला सुरुवात केली. आता डाव ओळखलेल्या कुंदाने 'चतुःसीमा' हा शब्द मुद्दाम चुकीचा लिहिला. तेव्हा त्याने तिच्या हातातून पेन काढून घेतलं, कागद मांडीवरच्या पाटावर सरळ केला, आणि म्हणाला, "सरक. आयुष्यात शिकणार नाहीस तू."

मग हवालदार म्हसे रंगले. आम्ही खालील सही करणार पंच, नामे, वय, धंदा शेती, राहणार वांगणी, आज रोजी हजर झालो. खोलीची पूर्वेस भिंत, पश्चिमेस पोलीस लाइनीचा सामाईक व्हरांडा. अक्षर मोत्यासारखं. पुढे मुद्देमालाचं वर्णन. गोळ्यांचं पाकीट त्यांनी उजेडाकडे धरून तपासलं आणि लिहिलं, सदर पाकिटातील फक्त चार गोळ्या कमी असल्याचे दिसून येते. अकरा महिन्यांत चार, कुंदाने हिशोब सांगितला. तेही लिहिलं. मग खोका उघडला. मिठाईचे नऊ नग शिल्लक. मूळ किती, हे कोण सांगणार?

सगळे विठाबाईंकडे पाहू लागले. म्हातारीने आधी काही माहीत नाही असं केलं. मग शालन त्यांच्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, तुळशीची सासू सुटली. लेक जायच्या आधी गेली. तुम्ही अजून आहात."

विठाबाईंनी कमरेचा बटवा सोडला, त्यातून किल्ली काढली आणि आपल्या पत्र्याच्या पेटीकडे बोट केलं. पेटीत लुगड्यांच्या घडीखाली आणखी दोन खोके निघाले. त्यांनी सांगून टाकलं की सुदाम दर शुक्रवारी आणतो, ठेवायला मला देतो, आणि मला त्यातलं एक देतो. मला वाटायचं लेक आईला विसरला नाही. लेकाला यात मरण येतं हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

"आये, तू पण?" सुदाम म्हणाला. पण हातातलं पेन थांबलं नाही, सवयच तशी. पेटीतले दोन खोकेही लिहिले गेले. माफीच्या साक्षीदाराचं नाव विठाबाई, वय अंदाजे बहात्तर.

शेवटची ओळ आली. हा मुद्देमाल कोणाकडून मिळाला, त्याचं पूर्ण नाव. त्याने लिहिलं, सुदाम गोविंद म्हसे, वय चव्वेचाळीस, पोलीस हवालदार. लिहून पूर्ण झालं आणि मग त्याने ते वाचलं. पहिल्या ओळीपासून वाचलं. चूक काढायला जागा नव्हती. बावीस वर्षांतला त्याचा सगळ्यात पक्का पंचनामा होता, त्याच्याच हस्ताक्षरात, आणि खालच्या कोपऱ्यात लिहून देणार म्हणून सवयीने सहीही झाली होती. त्याने वर पाहिलं. शालन हसत नव्हती. पण कुंदाने ओढणी तोंडात कोंबली होती.

"ठरवून केलंस," तो म्हणाला.

"वीस वर्षं तुमच्याकडून शिकले."

कागद फाडायला त्याचा हात पुढे झाला, पण तेवढ्यात वेणूबाईंनी तो ओढून घेतला आणि जिभेचं टोक बाहेर काढून तिन्ही शब्दांची सही करायला बसल्या. ती होईपर्यंत कागद फाडणं कुणालाही शक्य नव्हतं. ती व्हायला बराच वेळ लागला. बाळाजीने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि उठवला.

मग बाळाजी बोलला. दिवसभरात पहिल्यांदाच. "सुदाम, त्या तुज्या फॉर्मात माजं नाव हाय ना?"

"आहे दादा. राहणार. मी शब्द दिलाय. कुणी काहीही म्हणो."

"काढ ते." बाळाजी त्याच्याकडे पाहत नव्हता, अंगठ्याची शाई सतरंजीच्या कडेला पुसत होता. "मी तुज्यापेक्षा सात वर्सांनी मोठा. तुज्या मागारी मी राहणार, आनि कचेरीत जाऊन तुजं पैसं घेणार, असं त्यात लिवलंय. मी तुला धाववलंय ते याच्यासाठी नाय. मला तुला पोचवायला लावू नको. तू मला पोचव."

सुदामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते लपवलं नाही. वेणूबाई मान खाली घालून आपली सही पाहत होत्या. बावीस वर्षं सांगितलेली गोष्ट आता कुठल्याच लग्नात सांगता येणार नव्हती. मग त्या म्हणाल्या, नव्या फॉर्मावर साक्षीदार लागत असला तर मी हाय.

तरी सुदामने शेवटची खिंड लढवून पाहिली. दवाखान्यात गेलो की रजेचा कागद होणार, रजेच्या कागदावर आजार येणार, आणि यादी निघायला दोन महिने राहिलेत. दोन महिने थांबा, मग म्हणाल ते करतो. फौजदार झालो तर पेन्शन वाढेल, ते कुणासाठी? तुमच्यासाठीच ना?

शालनला राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिने गिळलं नाही. "मला फौजदाराची बायको नाही व्हायचं," ती म्हणाली. "मला म्हाताऱ्याची बायको व्हायचंय. तुम्ही खोकायचं, चष्मा शोधायचा, मी ओरडायचं. तेवढंच पाहिजे मला. तुळशीला ते मिळालं नाही."

सुदामने मान हलवली.

कुंदाने कोरा फॉर्म काढला. तो शालनने कचेरीतल्या कारकुनाच्या बायकोकडून आधीच मागवून ठेवला होता. सुदामने चष्मा पुसला आणि पेन घेतलं. जुनं नाव रद्द, असं लिहिलं. मग वारसाचं नाव, त्या रकान्यापाशी आला आणि सावकाश, एकेक अक्षर नीट काढत त्याने लिहिलं: सौ. शालन सुदाम म्हसे. वय विचारलं. हजारो माणसांची वयं लिहिलेल्या या माणसाला बायकोचं ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, एकोणचाळीस.

कुंदा खांद्यावरून वाचत होती. "बाबा, तिथे 'सौ.' नसतं लिहायचं. फक्त नाव. हा फॉर्म उघडायची वेळ येईल तेव्हा आई..." आणि ती मधेच थांबली.

बाकीच्यांना कळायला थोडा वेळ लागला. बाळाजीने खिडकीकडे पाहिलं. विठाबाईंचं डोळे पुसणं थांबलं.

"राहू दे," सुदाम म्हणाला. चुकीचा शब्द कागदावर राहू देण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. "कारकून खोडतो म्हणाला तर खोडू देऊ नकोस."

शालनने त्याच्या हातातून फॉर्म घेतला, शाई वाळावी म्हणून वारा घातला, आणि म्हणाली, "मग उद्या सकाळी काही न खाता निघायचं. रक्त द्यायचंय. आणि तो 'सौ.' खरा ठेवायचा, हे आता तुमच्यावर आहे."